मोहाच्या पानापासून मार्करपर्यंत: जंगली झाडांचं जनुकीय वैविध्य अभ्यासायचं असेल तर

दरवर्षी तिसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर कोणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, मला आयएसएसआर करायचंय." आयएसएसआर म्हणजे झाडांच्या डीएनएतले फरक शोधायची एक पद्धत. कशावर? "ते ठरायचंय अजून." आधी चष्म्याची फ्रेम घ्यायची आणि मग नंबर तपासायला जायचं, तसला हा प्रकार. मला हसायचा अधिकार नाही, कारण मीही हेच केलं होतं. नागपुरात राहून मोहावर पीएच.डी. करायचं ठरवलं, ते डोक्यात काही प्रश्न होता म्हणून नाही. लॅबच्या फ्रीझरमध्ये कोणीतरी मागे सोडलेले आयएसएसआर प्रायमर (डीएनएवर ठरावीक जागी चिकटणारे छोटे तुकडे, तिथूनच त्या जागेच्या प्रती काढायला सुरुवात होते) पडले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून. त्या उलट्या सुरुवातीची किंमत पुढे दोन वर्षं मोजली.

तुम्ही वनस्पतिशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीचे विद्यार्थी असाल आणि पहिल्यांदाच जंगली झाडांच्या वैविध्यावर काम करणार असाल, तर हे तुमच्यासाठी. उदाहरण मोहाचं देतेय. चारोळी, बिबा, बेल, पळस यांना यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

१. आधी प्रश्न, मग झाड, शेवटी मार्कर

मार्कर म्हणजे डीएनएमधली अशी जागा, जिथे एकाच जातीच्या दोन झाडांत फरक सापडतो. बहुतेक वेळा त्या फरकाचं झाडाला सोयरसुतकही नसतं. आपण मात्र त्यावरून कोण कोणाच्या जवळचं ते ओळखतो.

प्रश्न साधारण तीन तऱ्हेचे असतात. कुठल्या जंगलात जास्त वैविध्य शिल्लक आहे, म्हणजे रोपवाटिकेसाठी बी कुठून आणावं? दोन जंगलांतली झाडं अजून एकमेकांशी पराग आणि बियांची देवाणघेवाण करतात का? आणि तोड, वेचणी, आग यांचा नव्या पिढीवर काय परिणाम झालाय? पहिल्या प्रश्नाला मोठी झाडं चालतात. तिसऱ्याला नुसती मोठी झाडं अजिबात चालत नाहीत, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो.

मोह शंभर वर्षं सहज जगतो. देवलापारच्या बाजूला आज रस्ता चौपदरी झालाय, दोन्ही बाजूंना शेतं आलीत, पण तिथला म्हातारा मोह हे सगळं व्हायच्या कितीतरी आधी रुजलेला. त्याच्या डीएनएमध्ये जुनं, सलग जंगलच दिसणार. त्यावरून "जंगलाचे तुकडे होऊनही वैविध्य शाबूत" असा निष्कर्ष काढणं म्हणजे आजोबांचं रक्त तपासून नातवाची तब्येत सांगणं. तुकडे पडल्याचा परिणाम बघायचा तर रोपं आणि कोवळी झाडं हवीत, आणि शेजारी तुलनेला मोठी झाडं.

आता गंमत बघा. मोहाखाली रोपं मिळतच नाहीत. फुलं वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून हंगामाआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यात रोपंही जातात. बी फार दिवस टिकत नाही, पावसाच्या सुरुवातीला पडलं की लगेच रुजतं, आणि पुढच्या आगीत संपतं. एका अख्ख्या पावसाळ्यात मला एका जागेवर मोजून अकरा रोपं सापडली. हे आधी कळलं असतं, तर मी प्रश्नच वेगळा मांडला असता. म्हणून प्रश्न ठरवण्याआधी एकदा तरी जागेवर जाऊन या. गूगल मॅप पाहून ठरवू नका.

"पॉप्युलेशन" हा शब्दही जरा तपासून घ्या. एका ठिकाणची, आपापसांत परागीभवन होऊ शकेल अशी झाडं म्हणजे पॉप्युलेशन. तालुक्याच्या हद्दीशी त्याचा काही संबंध नाही. मोहाची फुलं-फळं खायला वटवाघळं येतात, आणि वटवाघूळ एका रात्रीत कित्येक किलोमीटर फिरतं. पाच किलोमीटरवरच्या दोन गावांना "दोन पॉप्युलेशन" म्हणायच्या आधी याचा विचार करा.

२. मार्कर निवडणं

आरएपीडी: करू नका. १९९० मध्ये आलं तेव्हा क्रांती होती. दहा अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं) प्रायमर, कुठल्याही झाडावर चालतो, स्वस्त. पण तोच नमुना दुसऱ्या मशीनवर चालवला की बँड, म्हणजे जेलवर दिसणारे डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे, बदलतात. आज नुसत्या आरएपीडीवरचा पेपर चांगली जर्नल्स बघतही नाहीत.

आयएसएसआर: प्रायमर लांब, साधारण १५ ते २० अक्षरांचे, त्यामुळे बँड बऱ्यापैकी टिकाऊ. झाडाच्या जीनोमबद्दल आधी काही माहीत असायची गरज नाही. सहा महिन्यांच्या एम.एस्सी. प्रोजेक्टला हे पुरेसं आहे. अडचण एकच, पण मोठी: हा डॉमिनंट मार्कर आहे. बँड दिसला तर त्या झाडाकडे त्या जागेची एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही. म्हणजे हेटेरोझायगोसिटी (दोन प्रती एकमेकींपेक्षा वेगळ्या असण्याचं प्रमाण) थेट मोजता येत नाही, गृहीत धरून काढावी लागते.

एसएसआर, म्हणजेच मायक्रोसॅटेलाइट: १ ते ६ अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो, आणि किती वेळा येतो यात झाडागणिक फरक असतो. दोन्ही प्रती वेगळ्या दिसतात, म्हणून पालकत्व, अंतःप्रजनन, परागांची ये-जा हे सगळं मोजता येतं. पीएच.डी.साठी माझा कौल यालाच. फक्त प्रायमर तुमच्या जातीसाठी तयार हवेत. ते नसतील तर त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचे लावून बघता येतात. मोहाच्या सॅपोटेसी कुळातल्या आफ्रिकेतल्या शियाच्या झाडावर एसएसआर आहेत. असे उसने प्रायमर दहा मागवले तर चार चालतील अशा बेताने पैसे बाजूला ठेवा.

एसएनपी, म्हणजे डीएनएतला एकेका अक्षराचा फरक, जीबीएस किंवा डीडीरॅड या सिक्वेन्सिंगच्या पद्धतींनी शोधलेला: हजारो जागा एका फटक्यात. काम बाहेरच्या कंपनीकडे जातं, आणि परत येतो तो डेटा उघडायलाच आठवडा लागतो. गाइडकडे पैसे असतील आणि लिनक्सला न घाबरणारं कोणी आसपास असेल, तर सरळ इकडे या. यातलं एकच असेल तर येऊ नका.

क्लोरोप्लास्टचे मार्कर जोडीला घेण्यासारखे आहेत. बहुतेक सपुष्प वनस्पतींत क्लोरोप्लास्ट आईकडून येतं, म्हणून त्यातून फक्त बियांचा प्रवास दिसतो. केंद्रकातल्या डीएनएमध्ये पराग आणि बी दोघांचाही दिसतो. दोन्ही शेजारी ठेवले की वटवाघळाने पराग किती लांब नेला आणि बी किती लांब, याचा अंदाज बांधता येतो.

३. परवानग्या: नागपूरकरांची सोय आणि तरीही तीन महिने

आपलं नशीब म्हणजे सगळी ऑफिसं याच शहरात आहेत. प्रधान मुख्य वनसंरक्षकांचं कार्यालय वनभवनात, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरात, आणि वनविकास महामंडळाचंही इथेच. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी यासाठी गाडीचं तिकीट काढून येतो. तरी पहिल्या अर्जापासून हातात पत्र पडेपर्यंत तीन महिने धरून चाला.

आधी ठरवा की जागा कोणाच्या ताब्यात आहे.

- प्रादेशिक वनविभाग असेल तर उपवनसंरक्षक. दोन-तीन विभागांत काम असेल तर वरच्या कार्यालयातूनच पत्र घ्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून गोष्ट सांगत बसावं लागत नाही.
- अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असेल (पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नागझिरा) तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो आणि अर्ज वन्यजीव शाखेकडे जातो. तिथे एक पान तोडायलाही लेखी परवानगी लागते. ज्या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या जंगलात मिळतं, त्यासाठी कोअरमध्ये, म्हणजे गाभा क्षेत्रात, शिरू नका.
- वनविकास महामंडळाची जमीन असेल तर वनविभागाचं पत्र कामाचं नाही. नकाशावर सगळं हिरवंच दिसतं, त्यामुळे हा घोळ सर्रास होतो. मी एका कंपार्टमेंटचं पत्र घेऊन पोचले, आणि चौकीवर कळलं की हे जंगल महामंडळाचं. दिवस फुकट.
- सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, त्यानंतर विदर्भात अशी अनेक गावं झाली. तिथे ग्रामसभेला विचारणं हा नुसता शिष्टाचार नाही, तो त्यांचा हक्क आहे.

अर्जासोबत लागतं ते असं: विभागाच्या लेटरहेडवर गाइड आणि विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज, दोन पानी सारांश, जमल्यास मराठीत, जातीचं नाव, कुठला भाग आणि किती ("प्रत्येक झाडाची ५ पानं, एका जागी ३० झाडं" असं नेमकं), परिक्षेत्र, बीट आणि कक्ष क्रमांक, तारखा, बरोबर येणाऱ्यांची नावं, ओळखपत्रं आणि गाडीचा नंबर, व्यापारी वापर करणार नाही आणि अहवालाची प्रत देईन असं हमीपत्र. "आवश्यक तेवढे नमुने" असं मोघम लिहिलंत की अर्ज परत येतो.

जैवविविधता कायदा २००२ चा. भारतीय विद्यार्थ्याने भारतातच केलेल्या शैक्षणिक संशोधनाला तो फारसा आड येत नाही. पण नमुना परदेशी पाठवायचा असेल किंवा परदेशी सहकारी असेल, तर सहसा चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. सिक्वेन्सिंग परदेशात स्वस्त पडतं म्हणून ट्यूब कुरिअरने पाठवून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. तसं करू नका. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातली कलमं बदलली आहेत, म्हणून सीनियरच्या थीसिसमधला परवानगीचा भाग जसाच्या तसा उतरवू नका.

४. झाडाच्या मालकाला विचारा

सातबारावर नसलं तरी प्रत्येक मोहाला मालक असतो. कोणाचं घर कुठल्या झाडाखाली वेचतं, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. रामटेकच्या पुढे एका बांधावर मी आकडीने फांदी वाकवत होते, तर मागून आवाज आला, "कायले तोडून राह्यली वो बाई पानं?"

टोपली घेऊन आजी उभ्या होत्या. मी समजावलं की रक्त तपासतात तसं झाडाचं तपासायचंय. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग साती झाडाचे कायले घेतं? हे साती माह्या आजेसासऱ्यानं लावले. त्या तिकडल्या मोठ्या मोहाच्या बिया होत्या."

माझ्या वहीत ती सात "स्वतंत्र" झाडं होती. प्रत्यक्षात एका आईची सात लेकरं. ती तशीच धरली असती, तर त्या जागेचं वैविध्य कमी दिसलं असतं आणि मी त्यावर एक परिच्छेद ठोकून दिला असता. त्या दिवसापासून नमुन्याच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला: झाड आपोआप उगवलेलं की लावलेलं, आणि हे कोणी सांगितलं. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्या रकान्याने माझ्या चुका जास्त पकडल्या.

५. पानं गोळा करणं

केव्हा जायचं? मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं. त्यानंतर तांबूस कोवळी पालवी फुटते, तीच हवी. जून पानांत चीक आणि इतर द्रव्यं जास्त, डीएनए कमी. वेळ सकाळी सात ते दहा. फुलांच्या हंगामात अंधारात जंगलात शिरू नका, मोहफूल अस्वलालाही आवडतं. बीटच्या वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन करून गावातलं कोणीतरी सोबत घ्या.

किती झाडं? एका जागेची २५ ते ३०. दोन झाडांत किमान ५० ते १०० मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाच आईची लेकरं शेजारीशेजारी येणार नाहीत. पळसासारखं मुळांतून फुटवे काढणारं झाड असेल तर अंतर आणखी वाढवा. नाहीतर दहा नमुने घेऊन एकच झाड दहा वेळा मोजाल.

पिशवीत काय हवं:

- लांब बांबूची आकडी आणि कात्री
- रिकामे टी-बॅग पाऊच किंवा फिल्टर पेपरची पाकिटं
- झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेल, पानाच्या वजनाच्या निदान दसपट
- पेन्सिल. पुन्हा सांगते, पेन्सिल
- जीपीएस (फोनचं चालतं, पण अक्षांश-रेखांश वहीतही उतरवा)
- छातीच्या उंचीवर घेर मोजायला शिंप्याची टेप
- ७० टक्के अल्कोहोल आणि कापूस, दर झाडानंतर कात्री पुसायला
- परवानगीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स, एक प्रत चौकीवर राहतेच

पेन्सिलीवर जोर का, तर अल्कोहोलचा हात मार्कर पेनच्या अक्षरांना लागला की नाव गायब. माझे उमरेडचे चार नमुने असेच बेवारस झाले. आता पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी पिशवीच्या आत टाकते आणि बाहेर पेनाने लिहिते.

पान लवकर वाळलं पाहिजे. चोवीस तासांनी मोडून बघा. कडकन तुटलं तर ठीक, वाकलं तर सिलिका बदला. निळी सिलिका ओल पकडली की गुलाबी होते. त्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी, म्हणून सगळी निळी घेऊ नका. पांढऱ्या सिलिकेत थोडे निळे दाणे मिसळले की पुरे.

एका जागेवरून निदान एक हर्बेरियम शीट (ओळख पटवायला दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवलेली डहाळी) करा आणि तिला क्रमांक घ्या. मोहाची शीट एका फेरीत होत नाही, फुलं असतात तेव्हा पानं नसतात. दोनदा जावं लागतं, आणि दोन्ही वेळा त्याच झाडाकडे. म्हणून झाडावर पत्र्याचा छोटा बिल्ला लावा, अर्थात परवानगीत तसं लिहिलं असेल तरच.

६. डीएनए काढणं

किट विकत घेता येतं, पण मोहासारख्या चिकाच्या झाडाला साधी सीटॅब पद्धतच (सीटॅब म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं डिटर्जंट) मला जास्त भरवशाची वाटली. बफर असा: २ टक्के सीटॅब, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), २० मिलिमोलर ईडीटीए, १.४ मोलर सोडियम क्लोराइड. पीव्हीपी १ ते २ टक्के आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के हे ऐनवेळी घाला, तेही फ्यूम हूडमध्ये. वासानेच कळेल का ते.

वाळलेलं पान २० ते ३० मिलिग्रॅम घ्या. जास्त पान घेतलं की जास्त डीएनए मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात मिळतो तो जास्त चिकटा. पुड करून ६५ अंशांवर तासभर, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४ ला १) दोनदा, वरचा थर काढून त्यात थंड आयसोप्रोपॅनॉल, मग ७० टक्के इथेनॉलने धुणं, शेवटी आरएनेझ. गोळी तपकिरी आली तर पॉलिफेनॉलचा त्रास, जेलीसारखी लोंबली तर पॉलिसॅकराइडचा. दोन्हींवर मला उपयोगी पडलेला उपाय एकच: सीटॅब घालण्याआधी पुड सॉर्बिटॉलच्या बफरने दोन-तीनदा धुऊन घेणं.

एक अस्सल नागपुरी सापळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लॅबमध्ये गारठा असतो आणि बाटलीतल्या सीटॅबचा साका होऊन तळाशी बसतो. बाटली वरून स्वच्छच दिसते. तसाच बफर वापरलात तर त्यात सीटॅब नावालाच असतं. आधी ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून पूर्ण विरघळवा. एका हिवाळ्यात माझ्या चाळीस ट्यूब यामुळे कोऱ्या निघाल्या आणि मी आठवडाभर पानांनाच दोष देत बसले.

डीएनए २६०, २८० आणि २३० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो ते मोजून शुद्धता तपासतात. तपासताना २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास आणि २६०/२३० चा २ च्या जवळ हवा. दुसरा आकडा लोक बघतच नाहीत, आणि साखरेची घाण त्यातच दिसते. आकडे कितीही चांगले असोत, ०.८ टक्के जेलवर एकदा डोळ्यांनी बघाच.

७. पीसीआर, आणि माझी सगळ्यात महागडी चूक

पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. रेसिपी सगळीकडे मिळते: २५ मायक्रोलिटरची रिअॅक्शन, २० ते ५० नॅनोग्रॅम डीएनए, आयएसएसआरला अॅनिलिंग (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं तापमान) साधारण ४५ ते ५५ अंश, ३५ ते ४० फेऱ्या, दीड-दोन टक्क्यांचं जेल. दर वेळी एक ट्यूब डीएनएविना. तिच्यात बँड आला की त्या दिवसाचं सगळं काम कचऱ्यात. इथिडियम ब्रोमाइड असेल तर ग्लोव्ह्ज, आणि त्याच ग्लोव्ह्जने दाराची कडी धरायची नाही.

आता चूक. मी जानेवारीत रामटेकचे नमुने चालवले, फेब्रुवारीत उमरेडचे, मार्चमध्ये नागझिऱ्याच्या बाजूचे. कामाला शिस्त असावी म्हणून एका वेळी एक जंगल. मधे टॅकचं, म्हणजे पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या एन्झाइमचं, पाकीट संपलं, दुसऱ्या कंपनीचं आलं. शेवटी डेंड्रोग्रॅम (कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारी फांद्यांची आकृती) काढला तर तीन सुरेख गठ्ठे, एकही झाड इकडचं तिकडे नाही. मी तो प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवला. घरी पेढे नेले.

प्रगती अहवालाच्या वेळी एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "कुठला नमुना कुठल्या दिवशी चालवला?" मी अभिमानाने वही दाखवली. त्यांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. रात्री घरी भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला. माझे गठ्ठे जंगलांचे नव्हते, महिन्यांचे होते. तिन्ही जागांचे नमुने सरमिसळ करून, एकाच टॅकने, सगळं पुन्हा चालवलं. तीनपैकी दोन गठ्ठे एकमेकांत विरघळले.

म्हणून: चिठ्ठ्या टाकून किंवा एक्सेलमधून क्रम काढा आणि प्रत्येक प्लेटमध्ये, प्रत्येक जेलवर सगळ्या जागांचे नमुने येऊ द्या. टॅक सुरुवातीलाच पूर्ण कामाला पुरेल एवढं, एकाच लॉटचं घ्या. मशीन बदलू नका. दहापैकी एक नमुना पानापासून पुन्हा करा, नुसत्या पीसीआरपासून नाही. दोन्ही वेळच्या बँडमध्ये किती फरक पडला ती टक्केवारी थीसिसमध्ये लिहा. चांगला परीक्षक हीच पहिल्यांदा शोधतो.

८. बँड वाचणं

आयएसएसआरमध्ये बँड असेल तर १, नसेल तर ०. अंधूक बँडवर हट्ट धरू नका, तो प्रायमरच सोडून द्या. जेल कुठल्या जागेचं आहे हे माहीत नसलेल्या मैत्रिणीकडून एकदा वाचून घ्या आणि जिथे दोघींचं जुळत नाही ते बँड गाळा. एसएसआरचे तुकडे शक्यतो कॅपिलरी मशीनवर मोजून घ्या. साध्या अॅगरोज जेलवर दोन अक्षरांचा फरक दिसत नाही. हेटेरोझायगोट अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसले तर लगेच "अंतःप्रजनन" लिहू नका, आधी नल अॅलील तपासा. प्रायमर बसतो त्याच जागेत बदल असेल तर ती प्रत दिसतच नाही.

९. आकडेमोड

सुरुवात जेनअॅलेक्सने करा. ते एक्सेलच्या आतच चालतं आणि फुकट आहे. वैविध्याचे निर्देशांक, पीसीओए (नमुन्यांची जवळीक आलेखावर ठिपक्यांत दाखवणं), अॅमोव्हा (किती वैविध्य पॉप्युलेशनच्या आत आणि किती दोन पॉप्युलेशनमध्ये, याची वाटणी), सगळं त्यात होतं. पुढे आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा शिका. तीन ठिकाणी सगळेच अडखळतात.

अॅमोव्हात बहुतेक वैविध्य पॉप्युलेशनच्या आतच निघालं तर घाबरू नका. दीर्घायुषी, परपरागीभवन करणाऱ्या झाडांत तसंच असतं. तो तुमचा शोध नाही, पण चूकही नाही.

झाडांची जनुकीय गटांत वाटणी करणारा "स्ट्रक्चर" हा प्रोग्राम २००० मध्ये आला आणि तेव्हापासून त्याचे रंगीत पट्टे प्रत्येक थीसिसमध्ये दिसतात. किती गट आहेत हे ठरवायला लोक २००५ ची डेल्टा-के पद्धत वापरतात. तिला "गट एकच आहे" हे उत्तर देताच येत नाही, तिचं गणितच दोनपासून सुरू होतं. मोहासारख्या झाडात खरं उत्तर एक असण्याची शक्यता भरपूर. म्हणून मूळ लाइकलीहूडचा (किती गट मानले तर डेटाशी किती जुळतं, त्याचा) आलेखही बघा आणि पट्ट्यांत प्रत्येक झाड अर्धं-अर्धं रंगलेलं असेल तर त्या दोन गटांवर गोष्टी रचू नका.

तिसरं, मॅंटेल टेस्ट. अंतर वाढलं की जनुकीय फरक वाढतो का, ते बघायची. जागा चारच असतील तर जोड्या फक्त सहा होतात आणि चार जागांची अदलाबदल २४ प्रकारेच होऊ शकते. म्हणजे पी-व्हॅल्यू (असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०४ च्या खाली जाऊच शकत नाही. अशा वेळी पॉप्युलेशनऐवजी झाडागणिक अंतर घेऊन करा, किंवा करूच नका.

१०. अहवाल द्यायला जाणं

वनविभागाला प्रत द्यायची असतेच, ती वेळेवर दिलीत तर पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज लवकर सुटतो. गावाला मात्र थीसिस देऊन उपयोग नाही. दोन पानं मराठीत लिहा: किती झाडं बघितली, कुठल्या मोहाचं बी रोपांसाठी घेण्यासारखं आहे, कुठे लहान झाडं उरलीच नाहीत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोक जैवविविधता नोंदवहीत लावायला तेवढं पुरतं. झाडांना तुम्ही दिलेले नंबर लिहू नका, तिथली नावं लिहा. "आर-१४" कोणालाच कळत नाही, "नाल्यावरचा वाकडा मोह" सगळ्यांना कळतो.

जायचं ते मार्च-एप्रिलमध्ये नको, तेव्हा गाव पहाटेपासून झाडांखाली असतं. जूनमध्ये पेरणीची धांदल. रोवणी उरकली की जा, साधारण ऑगस्टच्या शेवटी, आणि त्या आठवड्यात पोळा नाही ना तेवढं बघून घ्या.